दचका आणि धास्ती : भुताच्या पिक्चरमधल्या दोन वेगळ्या गोष्टी

‘छे, काही घाबरवलं नाही याने. दोनदाच उडालो खुर्चीतून.’ भुताचा पिक्चर सुटला की ठाण्याच्या किंवा वाशीच्या मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर हे वाक्य हमखास ऐकू येतं. यात भीती मोजली आहे उड्यांमध्ये, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. खुर्चीतून उडणं म्हणजे दचकणं. घाबरणं त्याहून निराळं. मराठीला हा फरक पूर्वीपासून ठाऊक आहे: माणूस दचकतो, पण धास्ती घेतो. छातीत धस्स होतं ते विरून जातं. धास्ती मात्र बसते, आणि बसली की लवकर उठत नाही.

ठाण्याच्या फलाटावर मोबाईलमध्ये डोकं घालून उभे आहात आणि मागून न थांबणारी गाडी भोंगा मारत जाते. हा दचका. गाडी गेली की तोही गेला. आता घोडबंदर रोडवरचा एखादा टॉवर घ्या. रात्री पावणेदोनला लिफ्ट तुमच्या मजल्यावर येते, दार उघडतं, आत कुणी नाही, दार मिटतं. कुणीतरी बटण दाबून जिन्याने निघून गेलं असेल. दुसऱ्या रात्री त्याच वेळेला पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री लिफ्ट येवो न येवो, पावणेदोनला तुम्ही जागे असता. ही धास्ती. इथे मोठा आवाज कुठेच झालेला नाही.

दचका हे शरीराचं काम आहे. अचानक मोठा आवाज कानावर आदळला की मेंदूच्या अगदी खालच्या भागातून, मेंदूच्या देठातून, प्रतिक्षिप्त क्रिया सुटते. पापणी मिटायला साधारण ३० ते ५० मिलिसेकंद लागतात. मग मान आत ओढली जाते, खांदे वर येतात. पडद्यावर भूत होतं की मांजर, हे कळायच्या आत हे सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणून दचकलात याचा अर्थ घाबरलात असा होत नाही. डोळ्यांपुढे कुणी टाळी वाजवली तरी पापणी लवतेच. आवाज किती मोठा आहे याच्याइतकंच तो किती झपकन चढतो यालाही महत्त्व आहे. तोच आवाज सावकाश चढवला तर कुणी दचकत नाही. आणि एकाच ठेक्यात दचके देत राहिलं तर शरीर सरावतं. तासाभरात सात-आठ दणके दिलेल्या पिक्चरमध्ये शेवटचे दोन फुसके का जातात, त्याचं एक कारण हे.

चांगल्या दचक्याची बांधणी चार टप्प्यांची असते. आधी आवाज खाली आणतात: पार्श्वसंगीत थांबतं, पंखा, रातकिडे, रस्ता, सगळं गप्प होतं. मग नजर चुकीच्या जागी नेतात, म्हणजे पात्र दाराकडे बघतं आणि आपणही. मग तिथे काहीच नसतं, श्वास सुटतो. आणि श्वास सुटल्यावर, ठेका चुकवून, दुसऱ्या बाजूने घाव येतो. २०१३ च्या ‘द कॉन्ज्युरिंग’मध्ये तळघराच्या जिन्यावर काडीच्या उजेडात बसलेल्या आईच्या मागून दोन हात येऊन टाळी वाजवतात, तो प्रसंग याचा धडा म्हणून बघावा. टाळीचा खेळ आधी दिवसाउजेडी मुलींसोबत दाखवून झालेला असतो. त्यामुळे टाळी वाजताक्षणी तिचा अर्थही लागतो.

ही युक्ती जुनी आहे. १९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये रात्रीच्या रस्त्यावर एका बाईचा पाठलाग होतोय असं वाटत असताना अचानक फिस्सकन एक बस येऊन थांबते. धोका काहीच नाही, तरी प्रेक्षक उडतो. पण तिथे आधीची दोन-तीन मिनिटं नुसत्या पावलांच्या आवाजावर ताणलेली होती. आज खूप ठिकाणी ती दोन मिनिटं गाळून फक्त बस उरली आहे. खांद्यावर मैत्रिणीचा हात पडतो, कपाटातून मांजर उडी मारतं, औषधाच्या कपाटाचा आरसा मिटला की मागे कुणीतरी उभं असतं. आरशाचं दार उघडलं की सगळं थिएटर आधीच डोळे मिटायला लागतं. दिग्दर्शकाच्या आधी प्रेक्षकाला कळलेला दचका वाया गेला. म्हणूनच २०२५ च्या ‘द कॉन्ज्युरिंग: लास्ट राइट्स’मधला लग्नाचा पोशाख घालून बघण्याच्या खोलीतला प्रसंग मला आवडतो. आरसा तोच जुना, पण समोरासमोर आरसे ठेवल्यामुळे प्रतिबिंबांची रांग लागते आणि नजर नेमकी कुठे ठेवायची ते कळत नाही. बाकी पिक्चर मात्र दणक्यांच्या हिशेबावर चालतो, आणि उत्तरार्धात शरीर सरावून जातं.

आता धास्ती. तिला आवाज लागत नाही, माहिती लागते. दिग्दर्शक अल्फ्रेड हिचकॉक, माणसं गप्पा मारत बसली आहेत त्या टेबलाखालच्या बाँबचं उदाहरण देत असे: बाँब नुसता फुटला तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का. पण तो तिथे आहे आणि कधी फुटणार हे आधी सांगितलं, तर त्याच गप्पा १५ मिनिटं जीव मुठीत धरून ऐकल्या जातात. धास्ती याच्या एक पाऊल पुढे जाते. तिथे काहीतरी आहे हे कळलेलं असतं, पण ते काय आहे आणि त्याला काय हवंय ते पुरतं कळलेलं नसतं.

यासाठी सगळ्यात भरवशाचा माल म्हणजे नियम. ‘तुंबाड’मध्ये हस्तर या शापित देवाला काय हवंय, पिठाच्या रिंगणाच्या आत काय चालतं आणि रिंगण मोडलं तर काय होतं, हे आपल्याला नीट समजावून दिलेलं असतं. म्हणून नायक विनायक कणकेची बाहुली घेऊन खाली उतरतो तेव्हा एकही दणका नसताना पोटात गोळा येतो. हा पिक्चर २०१८ च्या ऑक्टोबरात आला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात लागला तेव्हा गर्दी पहिल्या वेळेपेक्षा जास्त झाली. दुसऱ्यांदा बघायला आलेल्यांचंही काही बिघडलं नाही, कारण नियम आधीच माहीत असला की धास्ती वाढते. दचका दुसऱ्या वेळी निम्मा उरतो.

दुसरा माल म्हणजे रिकामी जागा. २०२४ च्या ‘लाँगलेग्ज’मध्ये तपास करणारी नायिका चौकटीच्या मधोमध लहानशी उभी असते, आणि तिच्या मागची दारं, खिडक्या, अंधारे कोपरे भरपूर वेळ तसेच दिसत राहतात. कॅमेरा काही दाखवत नाही, आपणच शोधत बसतो. १९९० च्या ‘द एक्झॉर्सिस्ट ३’मधला दवाखान्याचा कॉरिडॉर तर दोन्ही गोष्टी एकत्र शिकवतो: कॅमेरा लांब टोकाला स्थिर, नर्स येते-जाते, कट अगदी मोजके, संगीत नाही. ती धास्ती इतका वेळ मुरवलेली असते की शेवटचा दचका दुप्पट बसतो. हे नुसतं वाटतं असं नाही. आधीच घाबरलेल्या माणसाची दचकण्याची प्रतिक्रिया मोठी होते, हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. म्हणून धास्ती दचक्याला बळ देते. उलटं सहसा होत नाही, कारण दचक्याने साठलेला ताण मोकळा होतो. दचकल्यानंतर थिएटरात हशा पिकतो तो त्यामुळेच.

आपल्याकडे २०१७ च्या मराठी ‘लपाछपी’ने उसाच्या फडात, भर दिवसा, हे करून दाखवलं होतं. उंच ऊस, सगळ्या बाजू सारख्या, आणि त्यात एक गरोदर बाई. अंधाराची गरजच पडली नाही. दिग्दर्शक विशाल फुरियाने पुढे त्याचाच हिंदीत ‘छोरी’ केला. अजूनही कुणी मराठी भयपट कुठून सुरू करू असं विचारलं, तर मी उसाचंच नाव घेईन. मल्याळम ‘ब्रमयुगम’ही तसाच: पूर्ण कृष्णधवल, पडका वाडा, मोजकीच माणसं आणि मम्मूटीचा आवाज. सोंगट्यांच्या खेळात वाड्यात आलेला पाहुणा स्वतःचा वेळ पणाला लावतो, तिथून पुढे वाड्याचं दार उघडं असलं तरी ते बंद वाटतं.

‘शैतान’मध्ये भूत दिसतच नाही. घरात आलेला माणूस मुलीला हुकूम देतो आणि ती तो पाळते, आईबापांच्या डोळ्यांदेखत. पुढचा हुकूम काय असेल, एवढ्यावर पूर्वार्ध उभा आहे आणि तो भक्कम उभा आहे. शेवटाकडे बदला आणि हाणामारी सुरू झाली की धास्ती निघून जाते, कारण मारता येतो तो शत्रू झाला. ‘मुंज्या’ची सुरुवात, १९५२ सालचं कोकण, पिंपळ आणि मुंज झालेला हट्टी पोर, ही अस्सल धास्तीची आहे. पुढे मुंज्या पडद्यावर येतो, बोलतो, धावतो, आणि पिक्चर जाणूनबुजून हसण्याकडे वळतो. त्याला ‘भीतीदायक नाही’ म्हणून नावं ठेवणं चूक आहे, पण ती पहिली काही मिनिटं वेगळ्या पिक्चरची वाटतात, आणि तो पिक्चर मला बघायला आवडला असता. २०२५ च्या ‘वेपन्स’मध्ये एका वर्गातली १७ मुलं रात्री २ वाजून १७ मिनिटांनी उठून हात पसरून अंधारात पळत जातात. त्या धावण्याला कारण मिळत नाही तोवर ते चित्र डोक्यातून जात नाही. कारण मिळाल्यावर पिक्चर मजेदार होतो, पण हलका होतो.

धास्ती बिघडते ती बहुतेक याच ठिकाणी: फार लवकर दाखवलं, फार जास्त समजावलं, किंवा स्वतःच घातलेला नियम सोयीसाठी मोडला. आणखी एक बिघाड हल्ली फार दिसतो. नुसतं संथ म्हणजे धास्ती, असं समजून दिग्दर्शक लांबलचक शॉट लावतात, पण त्या लांबीत नवी माहिती काहीच येत नाही. दार एक मिनिट दाखवलं, तर त्या मिनिटात दाराबद्दलचा संशय वाढायला हवा. तो वाढला नाही, तर तो फक्त कंटाळा.

एखाद्या प्रसंगात नक्की काय होतं हे कळत नसेल तर घरी सोपी चाचणी करता येते. तो प्रसंग आधीच्या दोन मिनिटांसकट आवाज पूर्ण बंद करून बघा. दचका जवळजवळ नाहीसा होतो. पडद्यावर धास्ती असेल तर ती बरीचशी टिकते. मग उलटं करा: डोळे मिटून फक्त ऐका. संगीत सतत ‘आता येणार, आता येणार’ सांगत असेल, तर दिग्दर्शकाचा स्वतःच्या चित्रावर भरवसा नव्हता.

कुठे काय बघावं, हेही यावरून ठरतं. सिनेमागृहाची ध्वनिव्यवस्था बसवताना पडद्यामागच्या एका स्पीकरची संदर्भ पातळी ८५ डेसिबल धरतात आणि वर २० डेसिबलची मोकळीक ठेवतात. म्हणजे घाव १०५ पर्यंत जाऊ शकतो, खर्जाचा त्याहून वर. हे ध्वनी प्रोसेसरचं आवाजाचं बटण ७ वर असेल तर. जाहिराती फार मोठ्या वाजतात अशी तक्रार आली की ते खाली ओढलं जातं, आणि मग दचक्याचा दणका जातो आणि धास्तीची कुजबुजही ऐकू येत नाही. दचक्यांचा पिक्चर शनिवारी रात्री भरल्या थिएटरात बघावा, शेजारचा किंचाळला की आपणही जास्त उडतो. धास्तीचा असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, कमी गर्दीच्या शोला, मधल्या रांगेच्या थोडं मागे. डब केलेल्यापेक्षा मूळ भाषेत, खाली अक्षरं लावून. डबिंगमध्ये संवाद स्टुडिओत माइकजवळ बोललेले असतात, त्यामुळे खोलीचा पोकळपणा जातो.

इंटरव्हल हा धास्तीचा मोठा शत्रू. परदेशी पिक्चर मध्यंतर धरून बांधलेला नसतो, तो आपल्याकडे मध्येच कुठेतरी तोडला जातो. दचक्याचं त्याने काही बिघडत नाही. धास्तीचं सगळं साठवलेलं दिवे लागताच सांडतं. समोसा आधीच घेऊन ठेवा, जागेवर बसून राहा, फोन उघडू नका.

घरी टीव्हीवर बघताना रात्रीसाठीची आवाज सपाट करणारी सेटिंग बंद करा, कारण ती हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतरच मिटवते. हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंगही बंद. टीव्हीचे छोटे स्पीकर खर्ज देत नाहीत, त्यापेक्षा कानभर बसणारा साधा हेडफोन बरा. छताचा पंखा कमी करा. त्याची घरघर नेमकी हळू आवाज गिळते.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. प्रमाणपत्रावर आता ‘यूए’चे ७, १३ आणि १६ असे वयाचे तीन टप्पे छापलेले असतात, पण आतला माल दचक्याचा की धास्तीचा हे त्यावरून कळत नाही. दचकलेलं मूल मिनिटभरात हसायला लागतं. धास्ती घेतलेलं मूल थिएटरात गप्प बसतं, काही तक्रार करत नाही, आणि चार रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवायला सांगतं. तेव्हा मुलाने मध्येच खाणं थांबवलं आणि पडद्याऐवजी तुमच्या चेहऱ्याकडे बघायला लागलं, तर शेवटापर्यंत थांबू नका, उठा.