पुण्यात भाड्याने राहायला येताना : करारनोंदणी, भाडेकरूची माहिती आणि महापालिकेचे नियम

नोकरी, शिक्षण किंवा बदलीच्या निमित्ताने पुण्यात येणारा माणूस घर पाहतो, भाडे ठरवतो, डिपॉझिट देतो आणि कागदपत्रांचे काम एजंटवर सोपवून सामान हलवतो. पुढे आधारवरचा पत्ता, मतदारयादी, गाडीची नोंद, कंपनीत द्यायची घरभाड्याची पावती अशा प्रत्येक ठिकाणी एकच कागद मागितला जातो, तो म्हणजे नोंदणी झालेला भाडेकरार. म्हणून या माहितीतला मोठा भाग त्या करारालाच दिला आहे. बाकीचे बहुतेक अर्ज त्याच्या आधारावर होतात आणि तोच कच्चा असेल तर वर्षभर कुठे ना कुठे अडायला होते.

त्याआधी आपले घर कोणाच्या हद्दीत येते, हे पाहून ठेवावे. बोलताना आपण सरसकट ‘पुणे’ म्हणतो, पण येथे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका आहेत, पुणे, खडकी आणि देहूरोड ही तीन कटक मंडळे (कॅन्टोन्मेंट बोर्ड) आहेत, आणि शहराला लागून असलेल्या कितीतरी गावांत आजही ग्रामपंचायतीचा कारभार चालतो. पुणे महापालिकेची हद्दही २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये नवी गावे घेऊन वाढली. पोलिसांच्या हद्दी याहून निराळ्या आहेत. हिंजवडी ग्रामपंचायतीत असली तरी तेथील पोलीस ठाणे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे आहे. आपली महापालिका किंवा पंचायत, क्षेत्रीय कार्यालय आणि पोलीस ठाणे ही तीन नावे घरमालकाकडून पहिल्याच दिवशी लिहून घेतली, तर पुढचे हेलपाटे वाचतात.

आता कराराकडे वळू. महाराष्ट्रात राहण्याचे घर देण्याची रूढ पद्धत ‘लिव्ह अँड लायसन्स’ ही आहे. कायद्याच्या भाषेत हा भाडेपट्टा नसून ठरावीक मुदतीपुरती जागा वापरण्याची परवानगी असते आणि मुदत संपली की जागा सोडावी लागते. या पद्धतीला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला मोठे संरक्षण दिले, तेव्हा जागा कायमची अडकेल या धास्तीने घरमालक परवानगीच्या कराराकडे वळले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे परवानगीधारक जागेत राहत होते, त्यांनाही नंतर भाडेकरू मानले गेले आणि ती धास्ती आणखी वाढली. आज लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्यासाठी कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची वेगळी वाट घरमालकाला दिलेली आहे. मुदत उलटल्यानंतरही जागा न सोडणाऱ्याला ठरलेल्या शुल्काच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते.

याच अधिनियमाचे कलम ५५ नव्याने येणाऱ्याने नीट समजून घ्यावे. करार लेखी असला पाहिजे, त्याची नोंदणी झाली पाहिजे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, असे हे कलम सांगते. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. शिवाय लेखी, नोंदणीकृत करार नसताना वाद झालाच, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे नोंदणी टाळणारा घरमालक स्वतःचीच बाजू लंगडी करून घेतो. तरीही ‘अकरा महिन्यांचाच तर आहे, नोटरी करून टाकू’ हे वाक्य पुण्यात घर शोधणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडते. एका वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची करणाऱ्या १९०८ च्या नोंदणी अधिनियमातून ही अकरा महिन्यांची सवय देशभर पडली. महाराष्ट्रात मात्र कलम ५५ मुळे ती पळवाट उरलेली नाही. मुदत अकरा महिन्यांची असो की तीन वर्षांची, नोंदणी हवीच, आणि नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

घरमालक का कचरतो, हेही माहीत असावे. नोंदणी झाली की भाड्याचे उत्पन्न कागदावर येते. पुणे महापालिकेच्या हद्दीत आणखी एक कारण असते. मालक स्वतः राहत असलेल्या घराला येथे मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. मधल्या काळात बंद पडलेली ही सवलत २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली आणि त्यासाठी मालकाला आपण स्वतः तेथे राहत असल्याचे पुरावे जोडून ‘पीटी-३’ हा अर्ज भरून द्यावा लागतो. घर भाड्याने दिले की सवलतीचा हक्क राहत नाही. हा भार कोणी सोसायचा, हे भाडे ठरवतानाच बोलून घ्यावे. त्यासाठी नोंदणी टाळणे हा पर्याय भाडेकरूने स्वीकारू नये. (पुण्यात स्वतःचा फ्लॅट घेऊन राहायला येणाऱ्यांनी उलट हा पीटी-३ अर्ज आठवणीने भरावा. घर आधीच्या मालकाने भाड्याने दिलेले असेल, तर सवलत आपोआप सुरू होईल असे धरून चालू नये.)

खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असते. ते मोजताना संपूर्ण मुदतीचे भाडे, परत न मिळणारी अनामत असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरसाल १० टक्के दराने धरलेले व्याज, यांची बेरीज करतात. समजा भाडे महिना २२,००० रुपये, मुदत २४ महिने आणि डिपॉझिट एक लाख आहे. भाड्याचे ५,२८,००० आणि डिपॉझिटवरच्या दोन वर्षांच्या व्याजाचे २०,००० मिळून ५,४८,००० होतात आणि त्यावर शुल्क हिशेबाने १,३७० रुपये येते. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये आहे. दस्त हाताळणी शुल्क आणि घरी येऊन काम करणाऱ्या सेवा पुरवठादाराचे पैसे वेगळे. एजंट सगळे मिळून एकच ठोक आकडा सांगतो, तेव्हा सरकारी शुल्क किती आणि त्याचे स्वतःचे किती, हे सुटे करून मागावे. खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याची पद्धत शहरात सर्रास आहे, पण तो आपसातला व्यवहार झाला.

नोंदणीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्याची गरज आता सहसा पडत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन प्रणालीत मसुदा तयार होतो आणि दोन्ही पक्षांची आधारद्वारे ओळख पटवली जाते. दोघांचे आधार व पॅन, जागेचा तपशील दाखवणारा कागद (वीजबिल, मिळकतकराची पावती किंवा मालकाच्या खरेदीखताची सूची क्रमांक दोन, म्हणजेच ‘इंडेक्स टू’) आणि दोन साक्षीदार तयार ठेवावेत. प्रत्यक्षात हे काम बहुधा दिवाणखान्यातच उरकते. टीपॉयवर लॅपटॉप, त्याला जोडलेला कॅमेरा आणि अंगठ्याचे छोटे यंत्र असते, आणि वयस्कर मालकाच्या झिजलेल्या अंगठ्याचा ठसा चौथ्या प्रयत्नालाही उमटत नाही. अशा वेळी ओल्या फडक्याने बोट पुसून पाहावे, दुसरे बोट लावून पाहावे, आणि मालक परगावी असेल तर सेवा पुरवठादाराला ते आधीच सांगून त्यांचे प्रमाणीकरण कसे करायचे हे ठरवून घ्यावे.

अंगठा लावण्याआधी मसुदा स्वतः वाचावा, हे सांगायची खरे तर गरज नसावी, पण घाईत तेच राहून जाते. नावांचे स्पेलिंग आधारप्रमाणे आहे ना, फ्लॅट क्रमांक आणि इमारतीचे नाव पूर्ण आहे ना, सूचना-कालावधी (नोटीस पीरियड) किती, कोणत्या मुदतीपर्यंत घर सोडता येणार नाही, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार आणि रंगाचे पैसे कापणार की नाही, एवढे पाहावेच. घरात राहणाऱ्या सर्व प्रौढ व्यक्तींची नावे करारात आली तर उत्तम, कारण पत्त्याचा पुरावा म्हणून तो ज्याच्या नावावर आहे त्यालाच थेट वापरता येतो.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे हे याला जोडून येणारे काम आहे. पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढून घरमालकांना ती देण्यास सांगतात. हा आदेश आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो आणि तो मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होऊ शकते. जबाबदारी मालकाची असली तरी माहिती आपली आहे, म्हणून अर्ज भरताना शेजारी बसावे हे बरे. छायाचित्र, ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता, नोकरीचे किंवा कॉलेजचे ठिकाण आणि कराराची प्रत लागते. अर्ज पोलिसांच्या संकेतस्थळावरून भरता येतो. पोचपावतीची एक प्रत आपल्याकडे आणि एक सोसायटीच्या कार्यालयात असावी. ही चारित्र्य पडताळणी नव्हे. पासपोर्टसाठी किंवा नोकरीसाठी होणारी पडताळणी वेगळी आणि तिचा अर्जही वेगळा.

सोसायटीबाबत गैरसमज फार आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने सदनिका भाड्याने देताना संस्थेला कळवायचे असते, परवानगी मागायची नसते. कळवताना कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडतात. सभासद स्वतः राहत नसल्यास संस्था जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक घेता येत नाही, असा राज्य शासनाचा आदेश २००१ पासून आहे, आणि ते सभासदाने भरायचे असते. एवढे असूनही काही ठिकाणी ‘ना-हरकत’ आणि सामान चढवण्याचे वेगळे पैसे मागितले जातात. अशा मागणीला लेखी पत्र आणि पावती मागावी. निम्म्या मागण्या तेथेच विरतात.

राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी गाठ पडते ती कचरा घेणाऱ्या ताईंशी. पुणे महापालिकेच्या मोठ्या भागात दारोदारचा कचरा ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उचलते आणि घरटी मासिक शुल्क घेते. ओला आणि सुका कचरा वेगळा देणे बंधनकारक आहे. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्यायचे, ही पद्धत याच शहरात रुजली. ठिपक्यामुळे त्या पुडक्यात काय आहे हे वर्गीकरण करणाऱ्या बाईला न उघडता कळते. बल्ब, बॅटऱ्या आणि मुदत संपलेली औषधे यांत मिसळू नयेत.

प्लॅस्टिकबंदी राज्यभर मार्च २०१८ पासून आहे. बंदी असलेल्या पिशव्या वापरताना आढळल्यास पहिल्या वेळी ५,०००, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. बाल्कनीवर येणारी फांदीसुद्धा महापालिकेच्या उद्यान विभागाला अर्ज केल्याशिवाय तोडू नये, कारण १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा खासगी आवारातल्या झाडांनाही लागू आहे. कुत्रा पाळला असेल तर महापालिकेचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो, तेव्हा गावाकडच्या पशुवैद्यांकडून तो निघतानाच घेऊन यावा.

गाडीबाबत दोन प्रसंग वेगळे धरावेत. गाडी महाराष्ट्रातलीच, म्हणजे कोल्हापूरची एमएच-०९ किंवा नागपूरची एमएच-३१ असेल, तर नवा क्रमांक घ्यावा लागत नाही. पत्ता बदलल्यापासून तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला (आरटीओ) नमुना ३३ मध्ये कळवायचे असते. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ येथे ठेवायची असेल, तर मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणून नमुना २७ मध्ये नव्या क्रमांकासाठी अर्ज करावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. मूळ राज्यात भरलेल्या कराचा परतावा तेथे अर्ज करून मागायचा असतो. दुचाकीवर चालक आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट सक्तीचे आहे.

आधारवरचा पत्ता नोंदणीकृत करार जोडून ऑनलाइन बदलता येतो. करारात नाव नसलेल्या कुटुंबीयांना कुटुंबप्रमुखाच्या आधाराशी नाते दाखवून पत्ता बदलण्याची सोय आहे. मतदारयादीत आधीपासून नाव असेल तर नव्या नोंदणीचा नमुना ६ नव्हे, नमुना ८ भरावा. त्यातच स्थलांतराचा पर्याय आहे आणि जुन्या ठिकाणचे नाव त्यातून कमी होते. दोन्हीकडे नाव ठेवणे कायद्याने चालत नाही. महापालिका निवडणुकीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, त्यामुळे हे काम निवडणूक जाहीर होईपर्यंत लांबवू नये. कंपनीत घरभाडे भत्त्याची सूट घेताना वार्षिक भाडे एक लाखाच्या वर असेल, तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. तो करारातच लिहिलेला असल्यामुळे मार्चमध्ये मालकाला फोन करण्याची वेळ येत नाही.

मुदत संपून त्याच घरात पुढे राहायचे असेल, तर जुन्या करारावर ‘मुदत वाढवली’ असे लिहून सह्या करणे पुरेसे नाही. नवा करार, नवे मुद्रांक शुल्क आणि नवी नोंदणी करावी लागते. पोलिसांकडील माहितीही नव्या मुदतीसह पुन्हा भरावी आणि सोसायटीला नवी प्रत द्यावी. आधार आणि मतदारयादीतला पत्ता तोच असल्यामुळे त्यांना हात लावावा लागत नाही. जुन्या कराराची मुदत संपण्याच्या महिनाभर आधी हे सुरू करावे, म्हणजे मधले दिवस करारावाचून जात नाहीत.