वाय-फाय मंद नसतं, ताटकळत असतं

व्हिडिओ कॉल सुरू आहे. समोरच्याचा चेहरा अर्ध्या शब्दावर गोठतो, आवाज चिरकतो, आणि मग तीन सेकंदांचं बोलणं एकदम धडाधड ऐकू येतं. वैतागून तुम्ही स्पीड टेस्ट लावता, तर आकडा येतो ९० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ९० मेगाबिट माहिती. एवढ्यात पंधरा-वीस कॉल सहज मावायला हवेत. मग अडलंय कुठे?

स्पीड टेस्ट दहा-पंधरा सेकंदांत एकूण किती माल वाहिला ते मोजते. त्यातलं एखादं पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) वाटेत अर्धा सेकंद अडकून पडलं होतं का, हे त्या मोठ्या आकड्यातून कळत नाही. बोलण्यासाठी माल थोडाच लागतो, पण तो वेळच्या वेळी पोचावा लागतो. घरोघरच्या वाय-फायच्या तक्रारी ऐकून माझं ठाम मत झालं आहे की, लोक ज्याला 'स्पीड कमी' म्हणतात ते बहुतेक वेळा ताटकळणं असतं. पॅकेट कुठे आणि कशासाठी थांबतंय हे आधी शोधायला हवं. राउटर बदलायचा की प्लॅन वाढवायचा, हा विचार त्यानंतर.

शोधायला पिंग पुरतो. १९८३ साली माइक मूस या अमेरिकी प्रोग्रामरने लिहिलेली ही छोटी आज्ञा आज जवळपास प्रत्येक संगणकावर असते. पाणबुड्यांच्या सोनारचा 'पिंग' आवाज जातो, आदळतो आणि परत येतो, त्यावरून तिचं नाव पडलं. ती एक चिमुकलं पॅकेट पाठवते आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगते. नेटवर्क सेटिंग्जमध्ये 'गेटवे' म्हणून राउटरचा पत्ता दिसतो. आज्ञा टाइप करायच्या एका खिडकीत (टर्मिनलमध्ये) त्या पत्त्याला पिंग करत राहा, दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या एखाद्या मोठ्या वेबसाइटला. दोन्ही खिडक्या पाच-दहा मिनिटं चालू द्या आणि नेहमीची कामं करत राहा.

राउटर घरातच आहे, त्यामुळे त्याचं उत्तर एक ते पाच मिलिसेकंदांत यायला हवं. तिथेच मधूनमधून दोनशे, चारशे असे आकडे उसळत असतील, तर दोष तुमच्या घरातल्या हवेत आहे. राउटरचा आकडा शांत आणि फक्त बाहेरचा उसळतोय, तर दोष राउटरच्या पलीकडे आहे किंवा राउटरच्या दारातल्या रांगेत आहे. हा निवाडा न करता केलेली प्रत्येक खटपट म्हणजे अंधारात दगड मारणं.

आधी हवेकडे वळू. वाय-फाय म्हणजे नळातून येणारं पाणी, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात ती एक खोली आहे आणि तिथे एका वेळी एकानेच बोलायचं असा नियम आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलोहानेट हे रेडिओवरचं संगणकांचं जाळं सुरू केलं, तेव्हा बेटांवरचे संगणक एकाच रेडिओ लहरीवर वाटेल तेव्हा बोलायचे. दोघे एकदम बोलले की दोघांचंही वाया जायचं, मग थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. वाय-फाय त्याच कुळातलं, पण अधिक शिस्तीचं. प्रत्येक उपकरण आधी कान देऊन ऐकतं. हवा रिकामी वाटली तरी लगेच बोलत नाही. मनाशी एक आकडा धरून तेवढे क्षण थांबतं. पाठवल्यावर पोच आली नाही, तर ते टक्कर झाली असं समजतं, आणि पुढच्या खेपेला हा आकडा दुप्पट मोठ्या पल्ल्यातून निवडतं. म्हणजे गर्दी वाढली की थांबण्याचा काळ सरळ रेषेत वाढत नाही, झपाट्याने वाढतो.

यातून एक गोष्ट निघते, ती फार कमी जणांच्या लक्षात येते: दूरच्या खोलीतला एकच फोन साऱ्या घराला ताटकळत ठेवू शकतो. सिग्नल क्षीण झाला की फोन आणि राउटर सावकाश, स्पष्ट उच्चारात बोलू लागतात, नाहीतर शब्दच कळत नाहीत. १,५०० बाइटचं पॅकेट म्हणजे १२,००० बिट. ३०० एमबीपीएसने ते हवेतून जायला सुमारे ०.०४ मिलिसेकंद लागतात. १ एमबीपीएसवर उतरलेल्या जुन्या उपकरणाला तेवढ्याच पॅकेटसाठी १२ मिलिसेकंद. तीनशे पट! तोवर राउटरशेजारच्या लॅपटॉपनेही गप्प बसायचं, मग तो कितीही नवा असो. म्हणून राउटरचा चांगला सिग्नल मिळणाऱ्या माणसालाही लांबच्या कोपऱ्यातल्या उपकरणाची काळजी करावी लागते.

सिग्नल 'क्षीण' म्हणजे किती? राउटर साधारण १०० मिलिवॉट शक्ती हवेत सोडतो. वाय-फाय तपासणाऱ्या ॲपमध्ये सिग्नलचा आकडा उणे डीबीएममध्ये (शक्तीच्या एककात) दिसतो. उणे ७० दिसलं, तर तुमच्या फोनच्या वाट्याला त्या शक्तीचा एक अब्जावा भाग आला आहे. आणि तेवढ्यावर तो काम करतो, याचं मला आजही नवल वाटतं. उणे ५० म्हणजे उत्तम, कॉलसाठी उणे ६७ पर्यंत ठीक, उणे ८० च्या आसपास सगळं अधांतरी. इथे दर दहा आकड्यांमागे शक्ती दहा पटींनी उतरते. सगळ्या कांड्या भरलेल्या दिसल्या म्हणून समाधान मानू नका, हा आकडा बघा.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की शक्ती चौथाई होते. घरात त्यावर भिंतींचा कर बसतो. सळयांचं काँक्रीट वाईट, धातूची कपाटं आणि आरसे त्याहून वाईट, कारण आरशामागचा धातूचा थर लहरी चक्क परतवून लावतो. पाणी लहरी शोषतं, म्हणून मत्स्यटाकी आणि माणसांची गर्दी दोन्ही आड येतात. राउटर टीव्हीमागे किंवा लाकडी पेटीत लपवण्याची हौस अनेकांना असते. तो दिसत नाही याचं समाधान मिळतं आणि सिग्नलचं मातेरं होतं. घराच्या मध्यावर, उंचावर, उघड्यावर, हीच त्याची जागा. अँटेना उभी असेल तर लहरी तिच्या भोवती आडव्या कड्यासारख्या पसरतात आणि टोकाच्या दिशेने सर्वांत कमी जातात. तेव्हा वरच्या मजल्यावर सिग्नल हवा असेल, तर एखादी अँटेना आडवी करून बघावी.

आणखी एक गमतीदार गोष्ट. वाय-फाय ज्या लहरींवर चालतं, त्यांतल्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. भिंतींवरून परतलेल्या लहरी मूळ लहरीवर येऊन पडतात. कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे पुसून टाकतात. अशा पुसलेल्या जागा सहा-सात सेंटिमीटरच्या अंतरावरही असू शकतात. त्यामुळे लॅपटॉप वीतभर सरकवल्यावर वाय-फाय सुधारलं, हा भास नसतो.

या प्रतिध्वनींनी सुरुवातीच्या अभियंत्यांना फार छळलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेत जॉन ओ'सुलिवन आणि सहकाऱ्यांनी जो तोडगा काढला, त्याला १९९६ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं. ओ'सुलिवन मूळचे रेडिओ खगोलाचे; फुटणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांच्या खुणा शोधताना, पसरट झालेला सिग्नल गणिताने सावरण्याचा सराव त्यांना होता. विवरं सापडली नाहीत, पण ती विद्या इथे कामी आली. माहितीचा एकच वेगवान प्रवाह पाठवण्याऐवजी ती अनेक संथ प्रवाहांत वाटायची, ही त्यामागची कल्पना. १९९९ च्या ८०२.११ए या वाय-फायच्या मानकात असे ५२ प्रवाह आहेत आणि प्रत्येक चिन्हाआधी (एका खेपेत पाठवलेल्या माहितीआधी) ०.८ मायक्रोसेकंदाची मोकळी जागा आहे, आधीचे प्रतिध्वनी विरून जावेत म्हणून. तेवढ्या वेळात लहर २४० मीटर जाते. एवढं थांबणं फायद्याचं ठरलं.

शेजाऱ्यांचं वाय-फाय हा वेगळा विषय. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये चॅनेल (लहरींचे ठरलेले पट्टे) अकरा-तेरा दिसतात खरे, पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्‌झवर आहेत आणि प्रत्येक प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्‌झ रुंद असतं. एकमेकांवर न चढणारे तीनच उरतात: १, ६ आणि ११. ॲपमध्ये १ आणि ६ वर गर्दी बघून लोक 'रिकाम्या' ३ वर जाऊन बसतात. ही चूक आहे. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांची भाषा ऐकतात आणि पाळीपाळीने बोलतात. ३ वर बसलात तर १ आणि ६ दोघांचंही बोलणं तुम्हाला नुसता गोंगाट म्हणून ऐकू येतं, आणि तुमचं त्यांना. त्याच कारणाने २.४ मध्ये चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झवर ठेवू नका, २० वर आणा.

गोंगाटाची दुसरी घराणीही आहेत. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालतो आणि थोडी गळती होतेच. जेवण गरम करतानाच कॉल तुटत असेल तर कोडं सुटलं. माझ्या टेबलावरचं कोडं मात्र बरेच दिवस सुटलं नव्हतं. लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क जोडली की वायरलेस माउस अडखळायचा आणि वाय-फाय कोसळायचं. कारण यूएसबी ३.० च्या तारेत होतं. इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिलं आहे की त्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्‌झमध्येच गोंगाट बाहेर पडतो. लांब केबल लावून डिस्क दूर सारली आणि त्रास थांबला.

५ गिगाहर्ट्‌झवर (वाय-फायच्या दुसऱ्या लहरीपट्ट्यात) जागा ऐसपैस आहे, म्हणून जमेल ते तिथे न्यावं. भिंती ओलांडायला त्या लहरी कच्च्या, पण त्यामुळेच शेजाऱ्यांचा त्रासही कमी. एक मेख आहे: त्यातले काही चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले असतात. रडारची चाहूल लागली की राउटरला ते चॅनेल तात्काळ सोडावं लागतं. अधूनमधून, विनाकारण वाटावं असं सगळं घर एकदम तुटत असेल, तर ३६ ते ४८ मधलं चॅनेल निवडून पाहा.

आता दुसरा निकाल: राउटरचा पिंग शांत आहे आणि बाहेरचा उसळतो. इथे एक प्रयोग करा. बाहेरचा पिंग चालू ठेवून एखादी भली मोठी फाइल अपलोडला लावा. २० मिलिसेकंदांचा आकडा ८०० किंवा दीड हजारावर गेला, तर दुखणं आहे बफरब्लोट. हे नाव जिम गेटिस या संगणकतज्ज्ञांनी चर्चेत आणलं. राउटरला आणि मोडेमला (बाहेरची इंटरनेटची तार जिथे जोडतात त्या यंत्राला) पॅकेट फेकून देणं जिवावर येतं, म्हणून ते भल्यामोठ्या रांगेत साठवून ठेवतात. समजा, रांगेत १ मेगाबाइट साठलं आणि बाहेर जाण्याचा वेग ५ एमबीपीएस आहे. १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट, म्हणजे रांगेच्या शेवटी उभ्या राहिलेल्या तुमच्या आवाजाला १.६ सेकंद वाट पाहावी लागणार. फोनने गुपचूप फोटोंचा बॅकअप सुरू केला की घरात कोणी काही करत नसतानाही हे घडतं.

यावर मोठा प्लॅन हा खात्रीचा इलाज नाही. रांग लावायची पद्धत बदलावी लागते. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन या नेटवर्कतज्ज्ञांनी २०१२ मध्ये कोडेल ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे ते ती बघत नाही. पॅकेट किती वेळ उभं आहे ते बघते, आणि सतत उशीर होऊ लागला की काही पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला सावकाश होण्याचा इशारा देते. तिची पुढची आवृत्ती प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते, म्हणून बॅकअपमागे कॉल अडत नाही. अनेक राउटरमध्ये ही सोय एसक्यूएम किंवा 'स्मार्ट क्यू' नावाने मिळते. ती लावताना वेगमर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवायची. मग रांग मोडेममध्ये न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि ती तुमच्या ताब्यात असते.

रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारं यंत्र) घेण्याआधी मात्र एक विचार करा. एकाच रेडिओवर चालणारा साधा रिपीटर प्रत्येक पॅकेट हवेत दोनदा बोलतो, एकदा ऐकून आणि एकदा सांगून. हवेचा वापर दुप्पट होतो. दुसरा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय सोडणारं यंत्र) तारेने जोडता आला तर तो कैक पटींनी बरा. टीव्ही, डेस्कटॉप, गेमचं यंत्र ही जागची हलत नाहीत, त्यांनाही तार द्या. संध्याकाळभर चित्रपट दाखवणारा टीव्ही हवेतून उतरला, की त्याच क्षणी बाकीच्या फोनांची पाळी लवकर यायला लागते. राउटरला लावलेल्या पिंगच्या खिडकीत ते तुम्हाला दिसेलही.