दर्जा जमिनीचा की पाटीचा? बर्गंडी आणि बोर्डो यांचे ‘ग्रां क्रू’

फ्रेंच वाइनवरच्या लेखांत आणि हॉटेलांच्या मेनूकार्डांवर एक घोळ इतक्या नेमाने भेटतो की आता तो चूक म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. बर्गंडी या वाइनप्रदेशातल्या बाटलीवरचे ‘ग्रां क्रू’ (तिथला सर्वोच्च दर्जा) आणि बोर्डो प्रदेशातल्या मेदॉक भागाच्या बाटलीवरचे ‘ग्रां क्रू क्लासे’ (मानांकित) ही जणू एकाच परीक्षेची गुणपत्रिका आहे, असे समजून दोन्ही एकाच रांगेत मांडले जातात.

बोर्डोची बाजू बहुतेकांच्या परिचयाची आहे. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिथल्या दलालांनी बाजारातले भाव पाहून शातोंची, म्हणजे स्वतःचे मळे असलेल्या वाइन-वाड्यांची, पाच पायऱ्यांत प्रतवारी लावली, आणि १९७३ मध्ये शातो मुतों रोथशिल्डला दुसऱ्या पायरीवरून पहिलीवर घेतले, याखेरीज त्या पायऱ्यांत म्हणण्यासारखा बदल झाला नाही. रंग, द्राक्षाच्या जाती, बाटलीच्या खांद्याचा आकार हे फरक कुठेही वाचायला मिळतात, त्यामुळे त्यांत वेळ घालवत नाही.

खरी मेख अशी की १८५५ च्या यादीत जमिनीचा नकाशाच नाही. यादीत आहेत ती नावे, म्हणजे वाड्यावरच्या पाट्या. त्यामुळे मेदॉकच्या पोयाक गावातल्या एखाद्या मानांकित शातोने त्याच अपेलासियोंमधला (कायद्याने आखलेल्या वाइनक्षेत्रातला) शेजाऱ्याचा, कोणताही दर्जा नसलेला मळा विकत घेतला, तर तिथली द्राक्षे त्याच्या मानांकित वाइनमध्ये जाऊ शकतात. उलट त्याने स्वतःचा एखादा तुकडा दर्जाहीन शेजाऱ्याला विकला, तर तो दर्जा तुकड्याबरोबर जात नाही. माती तीच, वेलही तेच, फक्त खातेदार बदलला आणि वाइनची पायरी बदलली.

बर्गंडीत याच्या नेमके उलट घडते. तिथे ग्रां क्रू असते ती जमीन. तिच्या सीमा कायद्याने आखलेल्या असतात आणि मालक कितीही बदलले तरी त्या हलत नाहीत. सात-बाऱ्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे समजायला खरे तर अडचण पडू नये, कारण बर्गंडीत मान आहे तो गट क्रमांकाला, आणि त्या गटाच्या उताऱ्यावर खातेदार कितीही असू शकतात. सुमारे पन्नास हेक्टरांचा ‘क्लो द वूजो’ मळा सिस्टर्शियन भिक्षूंनी भिंत घालून एकसंध राखला होता. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तो सरकारजमा होऊन विकला गेला, १८८९ मध्ये त्याचे तुकडे पडले, आणि आज त्याचे सुमारे ऐंशी मालक आहेत. वरच्या उतारावरची, म्युझिनी या दुसऱ्या मळ्याला लागून असलेली जमीन आणि खाली हमरस्त्यालगतची, पाणी नीट न निचरणारी जमीन, दोन्हींवर ग्रां क्रूचा तोच शिक्का बसतो. म्हणून मेनूकार्डावर उत्पादकाचे नाव न देता नुसते ‘क्लो द वूजो’ आणि पुढे चार-पाच आकडी किंमत छापलेली दिसली, की ती बाटली मागवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्या मळ्यात एक देखणा शातोही उभा आहे आणि तिथेच वाइन होत असणार असे पाहुण्यांना वाटते; प्रत्यक्षात तो आज एका वाइनप्रेमी मंडळाचे ठाणे आहे.

दोन्ही पद्धतींतला फरक एकाच घराण्याच्या दोन खरेद्यांत दिसतो. फ्रेंच उद्योगपती फ्रान्स्वा पिनो यांनी १९९३ मध्ये शातो लातूर घेतले, तेव्हा पहिल्या पायरीचा मान त्या नावाबरोबर त्यांच्याकडे आला. २०१७ मध्ये त्यांच्याच कंपनीने बर्गंडीतला ‘क्लो द तार’ घेतला. हा साडेसात हेक्टरांचा मळा पूर्वीपासून एकाच मालकाच्या हाती, म्हणजे ‘मोनोपोल’ आहे. उद्या त्यांनी त्याच्या भोवतीची दहा हेक्टर जमीन घेतली, तरी ‘क्लो द तार’ साडेसात हेक्टरांचाच राहील.

बर्गंडीच्या लेबलवर उत्पादकाच्या नावाआधी येणाऱ्या ‘दोमेन’ या शब्दावरूनही गैरसमज आहेत, पण ते किरकोळ. दोमेन म्हणजे सगळी जमीन स्वतःच्या मालकीची असा अर्थ होत नाही. खंडाने किंवा अर्धेलीने कसलेल्या मळ्यातली द्राक्षेही त्यात धरली जातात. जे चालत नाही ते बाहेरून द्राक्षे किंवा वाइन विकत घेणे, आणि असे करणाऱ्या व्यापाऱ्याला लेबलवर दोमेन लिहिता येत नाही. म्हणूनच ‘दोमेन लरुआ’ आणि ‘मेझों लरुआ’ या एकाच आडनावाच्या दोन वेगळ्या वस्तू आहेत: पहिली स्वतःच्या मळ्यांतली, दुसरी विकत घेतलेल्या मालाची. आणि ‘दोमेन द ला रोमाने-काँती’ने आपले नाव घेतले आहे ते स्वतःच्या १.८१ हेक्टरांच्या मळ्यावरून; त्याच दोमेनची, ‘ला ताश’ या दुसऱ्या मळ्याची बाटली समोर ठेवून तिला ‘रोमाने-काँती’ म्हणणारे लोक मी पाहिले आहेत.