'गुरुत्वीय' : एका विशेषणाची पार्श्वभूमी

अवकाशाचा पोतच थरथरवणाऱ्या लहरी सापडल्याची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली आणि मराठी बातम्यांत एकाच गोष्टीला तीन नावे पडली : गुरुत्वीय लहरी, गुरुत्व लहरी, गुरुत्वाकर्षणीय लहरी. यातले पहिलेच बरोबर आहे.

'गुरू' म्हणजे जड. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाने मानलेल्या २४ गुणांत 'गुरुत्व' येते. वस्तू हातातून सुटून खाली जाऊ लागते, त्या पहिल्या पडण्याचे ते कारण. म्हणजे तिथे ते वस्तूच्या अंगचे जडपण आहे. पृथ्वीच्या ओढीला ११५० सालच्या सिद्धांतशिरोमणी या भास्कराचार्यांच्या ज्योतिषग्रंथात 'आकृष्टिशक्ती' हा वेगळा शब्द आहे. आजच्या 'गुरुत्वाकर्षण'मध्ये ही दोन्ही अंगे जोडली गेली. जुना अर्थ मात्र पुसला गेलेला नाही. दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर दुधात सोडतात, तो २८ वर स्थिरावला की विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतला जडपणा, १.०२८. पाणी घातले की आकडा उतरतो. इथे गुरुत्व म्हणजे निव्वळ जडपणा.

खरा गुंता विशेषणाचा. 'गुरुत्वाकर्षणीय' भारदस्त वाटते, पण मराठी कानाला ते वंदनीय, पूजनीय यांच्या रांगेतले लागते. वंदनीय म्हणजे वंदन करण्याजोगा, तसे आकर्षणीय म्हणजे ओढून घेण्याजोगा. लहरी काही ओढून घेण्याजोग्या नाहीत. 'गुरुत्व'ला सरळ '-ईय' जोडला, की 'गुरुत्वासंबंधीचा' एवढाच अर्थ उरतो. राष्ट्रीय, प्रांतीय जसे बनले तसेच हे.

'गुरुत्व लहर' तर आधीच दुसऱ्या कामाला लागलेली आहे. वाऱ्याने समुद्राचे पाणी वर उचलले जाते, पृथ्वीची ओढ ते खाली आणते, ते समतलाच्याही खाली उतरते, पुन्हा वर येते. मालवणच्या वाळूवर फुटणारी लाट या जातीची. हवेतही अशा लाटा उठतात आणि कधी ढगांचे समांतर पट्टे पाडतात. इथे गुरुत्व नुसते पाणी किंवा हवा जागेवर परत आणते. १४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या यंत्रांनी टिपली ती लहर दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघाली, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दुरून आली. यंत्राच्या चार किलोमीटरच्या भुजेच्या लांबीत तिने केलेला बदल प्रोटॉन या अणुकेंद्रातल्या कणाच्या व्यासाच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा होता. एका '-ईय'ने हा फरक सांभाळला जातो. तो गाळणे मला मान्य नाही.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अशाच वेधशाळेचा प्रकल्प आहे. त्याच्या सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला एप्रिल २०२३मध्ये मंजुरी मिळाली. तिथल्या बातम्या मराठवाड्यातली मुले मराठीतूनच वाचणार आहेत, आणि भूगोलाच्या तासाला त्यांना समुद्राच्या लाटाही शिकायच्या आहेत.