मधुमेही व्रण : करक्युमीन आणि आंत्रजीवाणू

मधुमेहात झालेली जखम, विशेषतः पायाची, दाहाच्या टप्प्यावर अडकून राहते. महाभक्षी पेशी (जंतू व मृत पेशी गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) वेळेवर दुरुस्तीच्या कामाकडे वळत नाहीत आणि एमएमपी-९ सारखी, प्रथिने तोडणारी विकरे नव्या ऊतकाचे बंध टिकू देत नाहीत. हळदीतील करक्युमीन हा दाह कमी करते, असे प्रयोगशाळेत वारंवार दिसले आहे. पोटात घेतलेले करक्युमीन जखमेवर परिणाम कसा करते, हा मात्र वादाचा विषय आहे.

हळकुंडात करक्युमिनॉइडे (करक्युमीन व त्याच्या जातीची द्रव्ये) साधारण २ ते ५ टक्के असतात. त्यांतले रक्तात फारच थोडे उतरते. आतड्याची भित्ती आणि यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून बाहेर काढतात. शिवाय ३७° से. तापमानाच्या, ७.२ पीएचच्या साध्या द्रावणात अर्ध्या तासात त्याचे जवळजवळ ९० टक्के विघटन होते. हे द्रव्य फेरुलिक आम्ल व व्हॅनिलिनमध्ये फुटते, असे पूर्वी मानत. नंतरच्या अभ्यासांत मुख्य मार्ग ऑक्सिडीकरणाचा ठरला. १९९८ मध्ये बंगळूरमधील प्रयोगात २ ग्रॅम करक्युमिनासोबत २० मिलिग्रॅम पायपरीन (मिऱ्यातील द्रव्य) दिल्यावर माणसांत जैवउपलब्धता (रक्तात पोहोचणारे प्रमाण) सुमारे २० पट वाढली. त्यावरून एक पक्ष शोषण वाढवण्यावर भर देतो. दुसऱ्या पक्षाच्या मते करक्युमिनाचे मुख्य कार्यक्षेत्र आतडेच आहे. उपलब्ध पुराव्याशी हे मत अधिक जुळते. आतड्यातील ई. कोलाय जीवाणूत २०११ मध्ये सापडलेले ‘कर-ए’ विकर करक्युमिनाचे आधी डायहायड्रो- आणि मग टेट्राहायड्रोकरक्युमीन करते.

उलट दिशेचा, म्हणजे करक्युमिनाचा आंत्रजीवाणूंवर परिणामही संभवतो. आतड्याचे अस्तर सैल पडले की जीवाणूंच्या कवचातील लिपोपॉलिसॅकराइड रक्तात झिरपते आणि अंगभर मंद दाह पेटता राहतो. ब्युटिरेट हे मेदाम्ल बनवणारे जीवाणू हे अस्तर सांभाळतात. टाइप-२ मधुमेहात ते घटलेले आढळले (चीन, २०१२). परंतु अशा फरकांत मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाचाही वाटा असतो, हे २०१५ मध्ये स्पष्ट झाल्याने आधीचे आकडे सावधपणे वाचावेत.

मधुमेही उंदरांत करक्युमीन तोंडाने वा लेपाने दिल्यावर जखम लवकर भरल्याचे १९९९ मध्ये नोंदले गेले. उंदराची जखम मुख्यतः कातडी आक्रसून मिटते, माणसाची नवे मांस व त्वचा धरून. म्हणून हे आक्रसणे रोखण्यासाठी कडेला सिलिकॉनची कडी शिवून केलेले प्रयोगच अधिक विश्वासार्ह होत. आतड्यापासून व्रणापर्यंतची पूर्ण साखळी माणसांत सिद्ध झालेली नाही.

जखमेवरील हळदीचे अमेरिकी पेटंट (१९९५) रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले. तो निर्णय वापराच्या प्राचीनतेवर होता. मधुमेही व्रणावरील गुणाचा तो दाखला नव्हे.

स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते. तिच्यात जीवाणूंचे बीजाणू असतात, भेसळीच्या हळदीत शिसेही. पायाच्या उघड्या व्रणावर ती दाबली की तळ झाकला जातो, पू दिसत नाही. संवेदना गेलेल्या पायात दुखणेही इशारा देत नाही. व्रणावरचा भार काढणे, रक्तपुरवठा तपासणे, मृत ऊतक काढणे आणि संसर्ग आवरणे यांना पर्याय नाही. पायपरीनयुक्त गोळ्यांमुळे इतर औषधांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.