शाळेतील शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ

शाळकरी मुलांच्या अध्ययनातील, वर्तनातील व भावनिक अडचणी तपासून पालक-शिक्षकांना उपाय सुचविणारा तज्ज्ञ. समुपदेशकाशी त्याची बरेचदा गल्लत होते. प्रमाणित कसोट्यांच्या आधारे निदान करणे हे त्याचे वेगळेपण.

या व्यवसायाचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल एकमत नाही. मानसशास्त्रज्ञ लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काढलेल्या मानसशास्त्रीय चिकित्सालयाला अमेरिकन अभ्यासक सामान्यतः हा मान देतात. तेथे प्रथम आणला गेला तो शब्दलेखनात सतत चुका करणारा १४ वर्षांचा मुलगा. त्याला घेऊन आली होती एक शिक्षिका. तपासणीत दृष्टिदोष निघाला. चष्मा मिळाला, तरी वाचन-लेखनाची खास शिकवणी द्यावीच लागली. हे चिकित्सालय शाळाव्यवस्थेबाहेरचे, हा त्यावरील आक्षेप. फ्रान्समधील आल्फ्रेड बीने व तेओदोर सीमाँ यांची १९०५ ची बुद्धिमापन श्रेणी (चढत्या काठिण्याच्या प्रश्नांची कसोटी) विशेष अध्यापनाची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी होती. पण साधन तयार झाले म्हणजे व्यवसाय उभा राहिला, असे नव्हे. शिक्षणयंत्रणेने केलेली नेमणूक हा निकष लावल्यास लंडन काउंटी कौन्सिलने १९१३ मध्ये केलेली सिरिल बर्ट यांची मानसशास्त्रज्ञ म्हणून नियुक्ती अधिक ग्राह्य ठरते. (बर्ट यांनी जुळ्या भावंडांच्या बुद्धीबद्दल दिलेल्या आकडेवारीविषयी १९७० च्या दशकात गंभीर शंका उपस्थित झाल्या, नियुक्तीच्या वर्षाला त्याने बाध येत नाही.) कनेटिकट राज्यात आर्नल्ड गेझेल यांची अशीच नेमणूक १९१५ ची आहे.

मूल्यमापनाच्या पद्धतीवरही वाद आहे. मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयास (कसोटीतील कामगिरी ज्या वयाच्या सरासरी मुलाइतकी, ते वय) प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली. १० वर्षांच्या मुलाचे मानसिक वय ८ असल्यास गुणोत्तर ०.८ येते. पुढे ते १०० ने गुणण्याचा प्रघात पडला आणि बुद्ध्यंक रूढ झाला. बुद्ध्यंक व अभ्यासातील प्रत्यक्ष प्रगती यांतील तफावतीवरून अध्ययन अक्षमता ठरविण्याची रीत दीर्घकाळ चालली. तीत मूल पुरेसे मागे पडेपर्यंत मदत थांबते, ही टीका रास्त दिसते; २००४ च्या अमेरिकन संघीय कायद्यानुसार राज्यांना हा निकष सक्तीचा करता येत नाही. अलीकडे आधी नेमके साहाय्य देऊन मूल त्याला कसा प्रतिसाद देते, हे पाहण्याकडे कल आहे.

वर्गनिरीक्षण, शिक्षकांशी सल्लामसलत, परीक्षेतील सवलतींसाठी अहवाल आणि आपत्प्रसंगी आधार ही इतर कामे होत. एका तज्ज्ञाकडे अनेक शाळा असल्यास बराचसा वेळ चाचण्या व अहवालांतच जातो.