यौवनलोपी ग्रंथीची अर्बुदे

यौवनलोपी ग्रंथी (थायमस) उरोस्थीच्या मागे, मध्यावकाशाच्या (दोन फुप्फुसांमधल्या जागेच्या) पुढच्या भागात, हृदयाच्या वरच्या अंगाला असते. तिच्या उपकला (अस्तराच्या) पेशींपासून होणाऱ्या अर्बुदांत, म्हणजे गाठींत, थायमोमा मुख्य. थायमिक कार्सिनोमा (ग्रंथीचा कर्करोग) व तंत्रिका-अंतःस्रावी अर्बुदे त्याहूनही विरळ. पाश्चात्त्य नोंदींनुसार दहा लाख वस्तीत वर्षाला एक ते तीन रुग्ण आढळतात. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४.५८ लाख होती. तो हिशेब येथे लावला, तर वर्षाला दोन-चार रुग्ण.

नाव : ग्रीक ‘थुमोस’ म्हणजे चित्तवृत्ती, धैर्य, छातीतील हा अवयव त्याचे स्थान मानला गेला म्हणून हे नाव, असे एक मत. दुसरे मत त्याचा संबंध थाइम या सुगंधी वनस्पतीच्या कळीशी जोडते. ग्रीक वैद्यकात चामखिळीसारख्या वाढीलाही याच वनस्पतीवरून नाव पडलेले असल्याने दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. गोव्यात १८४२ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेत शिक्षण पोर्तुगीजमधून चाले आणि त्या भाषेत ग्रंथीला ‘तिमु’ म्हणतात. ही शाळा १९६३ मध्ये गोवा मेडिकल कॉलेज झाली. ते आता बांबोळीला आहे. ‘यौवनलोपी’ ही मराठी संज्ञा सुंदर आहे, पण शब्दशः घेऊ नये. यौवनानंतर ग्रंथी आक्रसते, तिच्या जागी मेद भरतो. ती पुरती लोपत नाही. थायमोमा बहुधा चाळिशी ते सत्तरीत होतो, तो या उरलेल्या अंशातूनच.

वर्गीकरण : अर्बुदात लिंफोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कितीही दाटलेले असले, तरी अर्बुदपेशी उपकलेचीच, ही भूमिका विकृतिशास्त्रज्ञ रोझाय व लेव्हाइन यांनी १९७६ मध्ये पक्की केली. १९८५ मध्ये मारिनो व म्यूलर-हेर्मेलिंक यांनी ग्रंथीचा बाह्यक व मध्यांग यांवरून प्रकार पाडले. ही मांडणी उगमावर उभी होती आणि तो उगम सिद्ध नाही, असा आक्षेप निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये ए, एबी, बी१, बी२, बी३ व सी अशी अक्षरे स्वीकारली, ती बव्हंशी तडजोड म्हणून. त्याच वर्षी सुस्टर व मोरान यांनी थायमोमा, अटिपिकल थायमोमा व कार्सिनोमा या तीनच पायऱ्या सुचवल्या; रोजच्या कामाला ही मांडणी सुटसुटीत आहे. ‘सी’ हे अक्षर २००४ मध्ये गळले. ए व एबी प्रकारांच्या बहुसंख्य अर्बुदांत जीटीएफ२आय जनुकाचे एक ठरावीक उत्परिवर्तन असते, हे २०१४ मध्ये दिसले. त्यामुळे ‘ए’चे कुळ ‘बी’हून वेगळे असावे, या मताला बळ मिळाले.

ए प्रकारात पेशी चातीसारख्या लांबट असतात. बी१ इतका मूळ ग्रंथीसारखा दिसतो, की फसगत होते. बी३ मध्ये लिंफोसाइट विरळ, उपकलेचे सलग थर. कार्सिनोमात ग्रंथीची ठेवण उरत नाही; त्याच्या पेशींवर सीडी५ व सीडी११७ ही खूणप्रथिने अनेकदा आढळतात.

निदान : काही रुग्णांत पहिली खूण छातीत नसून डोळ्यांत दिसते. सकाळी पापण्या ठीक, तिन्हीसांजेला मिटू लागतात. जेवताना घास चावता चावता जबडा दमतो. हा मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे स्नायू लवकर थकवणारा विकार. थायमोमाच्या सुमारे एक तृतीयांश किंवा अधिक रुग्णांना तो असतो, उलट मायस्थेनियाच्या रुग्णांपैकी १० ते १५ टक्क्यांत थायमोमा सापडतो. पेडणे किंवा सत्तरी तालुक्यातला माणूस आधी चष्म्याच्या दुकानात जातो, हे समजण्यासारखे आहे. पण पापणी दिवस चढेल तशी पडत असेल, तर रक्तातील ॲसिटिलकोलीन-ग्राहकांविरुद्धची प्रतिपिंडे तपासावीत आणि छातीचा सीटी स्कॅन करावा. लाल पेशींची निर्मिती थांबणे, गॅमा ग्लोब्युलिन घटणे याही सोबतच्या विकृती आहेत.

सीटीवर गाठ दिसली म्हणजे थायमोमाच, असे नव्हे. लिंफोमा, टेराटोमा, छातीत उतरलेला गलगंड आणि आपल्याकडे क्षयाच्या गाठी, सगळे त्याच जागी भेटतात. गाठ सुटसुटीत काढता येण्याजोगी असेल, तर आधी सुई न घालण्याकडे कल असतो. लिंफोमाचा संशय असेल, तर बायोप्सी हवीच. येथेच मोठा सापळा आहे : बी१ थायमोमा आणि टी-लिंफोब्लास्टिक लिंफोमा, दोन्हींतील लिंफोसाइट टीडीटी-धन असतात, म्हणजे अपक्व पेशींची टीडीटी ही खूण दाखवतात. सुईच्या धाग्याएवढ्या तुकड्यात केराटिन या उपकलेतील प्रथिनाच्या रंजनाने उपकलेचे जाळे उमटले, तरच फरक कळतो. ते रंजन न करता अहवाल देणे धोक्याचे, कारण दोहोंचे उपचार सर्वस्वी भिन्न आहेत.

काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये टाकण्यापूर्वी शल्यचिकित्सकाने हृदयाकडची व फुप्फुसाकडची बाजू दोऱ्याने खुणवावी. नंतर पृष्ठभागाला शाई लावतात. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर ती काळी रेघ अर्बुदाला टेकली, की कड मोकळी नाही. आवरण कोठे फुटले, यावर मासाओका यांच्या १९८१ च्या पद्धतीने (१९९४ मध्ये कोगा यांची सुधारणा) रोगाच्या प्रसाराची अवस्था ठरते आणि रोगाचे भवितव्य प्रकाराच्या अक्षरापेक्षा तीच अधिक सांगते. आवरण शाबूत दिसले म्हणून अहवालात ‘सौम्य’ लिहिण्याची जुनी सवय सोडावी. २०१५ च्या वर्गीकरणापासून बहुतेक सर्व थायमोमा मारक गटात आहेत.

पुनरुद्भव दहा वर्षांनंतरही होतो, बहुधा फुप्फुसावरणावर. तेव्हा पहिल्या शस्त्रक्रियेचा मेणाचा ब्लॉक (मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा) हाती असेल, तर दोन्ही काचा शेजारी ठेवून जुनेच अर्बुद परतले की नवे उद्भवले, हे पाहता येते.